कव्हरावरची माणसं

देऊळवाडीत येऊन शर्मिला केळुसकर कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक क्षणभर विचारात पडतील. 'ड्रॉइंगच्या बाई' म्हटलंत की मात्र लगेच वाट दाखवतील, आणि वर सांगतील, "सांभाळून हां, चिडक्या आसत."

बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. चिडण्यासारखं आजूबाजूला एवढं पडलेलं असताना बाकीची माणसं चिडत कशी नाहीत, याचंच त्यांना नवल वाटे. देवळाच्या सभामंडपाचे लाकडी खांब घ्या. त्यांवर जुन्या कारागिरांनी वेलबुट्टी कोरली होती. समितीने त्यांना चकचकीत गुलाबी ऑइल पेंट फासला आणि वेलींच्या खाचा पार बुजून गेल्या. बाई समितीच्या अध्यक्षांकडे भांडायला गेल्या, तर अध्यक्ष म्हणाले, "बाई, आता पुसूक किती सोप्पां झालां बघा!" लग्नाला जावं तर सनई यंत्रातून, आणि तीही इतकी मोठ्याने की शेजारणीशी ओरडून बोलावं लागे, आणि सगळे आनंदाने ओरडत. मालवणच्या एसटीत बसावं तर पुढे एकाचं गाणं आणि मागे दुसऱ्याचं. "अहो, एकतर नीट ऐका, नाहीतर बंद करा," असं बाई म्हणत. लोक सभ्यपणे हसत आणि आवाज बोटभर कमी करत.

घरीही सुटका नव्हती. नणंदेने वास्तुशांतीला धबधब्याचं चित्र दिलं होतं. बटण दाबलं की मागचा दिवा लागे, पाणी वाहू लागे आणि पाखरं चिवचिवत. बाईंचे यजमान मंगेश केळुसकर म्हणजे ओरोसच्या सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. त्यांनी ते चित्र नेमकं बाईंच्या खुर्चीसमोर टांगलं होतं. "डोळ्यांक गारवो लागता गो," असं ते म्हणत. वीज गेली की बाईंना तेवढीच शांतता.

हे सगळं डोळ्यांना आणि कानांना एवढं खुपायचं कारण त्यांच्या लहानपणात होतं. त्यांचे वडील गिरगावात ग्रामोफोनच्या एका दुकानात कामाला होते. मे महिन्यात गावी येताना ते फाटकी, डाग पडलेली, विकता न येणारी रेकॉर्डांची कव्हरं घेऊन येत. आत रेकॉर्ड नसे. असती तरी ती वाजवणार कशावर? घरात ग्रामोफोन नव्हता आणि वाडीत वीज नव्हती. वडील ती कव्हरं माजघराच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकत आणि पोरगी त्यांच्यासमोर मांडी घालून बसे. एका कव्हरावर नुसती निळाई होती आणि खालच्या कोपऱ्यात तंबोऱ्याचा भोपळा. दुसऱ्यावर एका बाईचा अर्धाच चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर खिडकीच्या गजांच्या सावल्या. या निळ्यातून कसला आवाज येत असेल? ही बाई हळू गात असेल की जोरात? शर्मिला मनातल्या मनात सुरावटी रचे आणि आई ओरडे, "गो, भितीक काय बघीत बसलंस? पाणी हाड आधी!"

पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारांतून त्यांनी मालवणच्या एका घरातून जुना प्लेअर घेतला आणि निळ्या कव्हराची रेकॉर्ड शोधून आणली. सुई टेकली. तो आवाज त्यांनी मनात रचला होता त्याहून वेगळा होता, पण निळाच होता. तो ऐकताना त्यांना रडू आलं. मग अर्ध्या चेहऱ्याच्या बाईची रेकॉर्ड मिळवली, तर ती इतकी कंटाळवाणी निघाली की बाईंना फसवल्यासारखं वाटलं. तेव्हापासून त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. गाण्यावर चित्र काढायचं असेल तर आधी गाणं ऐकायचं. न ऐकता काढलेलं चित्र म्हणजे शुद्ध लबाडी.

हीच गोष्ट त्यांनी हायस्कुलातल्या पोरांना शिकवण्याची खटपट केली. तासाला टेपरेकॉर्डर नेत, सतार लावत, आणि म्हणत, "ऐका, आणि जे दिसेल ते काढा." गुरुप्रसाद गावडे नावाचा एक मुलगा काहीही ऐकवलं तरी दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य आणि खाली नदी काढी.

"यात तुला डोंगर कुठे दिसला रे?"

"बाई, माका डोंगरच येता," तो म्हणे.

त्याचा गळा मात्र देवाने घडवलेला होता. हातात खडू धरता न येणारा हा पोरगा प्रार्थना म्हणायला लागला की शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरे. त्यामुळे बाई त्याच्यावर चिडत आणि त्याला माफही करत.

त्याच गुरुप्रसादचा आता गुरुप्रसाद बुवा झाला होता. देऊळवाडीच्या भजन मंडळाचा तो मुख्य गायक. दोन बुवा आमनेसामने गातात त्या डबलबारीच्या सामन्यांत त्याचं नाव पार विजयदुर्गापर्यंत पोचलेलं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तो बाईंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला.

"बाई, आमच्या मंडळाचो अल्बम येता. पेनड्राइव्हर आणि यूट्यूबारय. कव्हर तुमीच काढूक व्हयां."

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेली कव्हरं बघितली होती. कव्हर काढा असं कुणी सांगायला आलं नव्हतं.

"आधी मला ऐकव," त्या म्हणाल्या. शाळेच्या सवयीने त्या सगळ्यांशीच पुस्तकी मराठीत बोलत. मालवणी यायची ती क्वचित, राग अगदीच अनावर झाला की.

"ऐकान काय करतल्यात, बाई? मधी विठ्ठल काढा. भोवती आमी सगळे. वर हरिश्चंद्र शेठांचो फोटो. खर्च तेंचो आसा."

"गुरुप्रसाद, ऐकल्याशिवाय मी पेन्सिल धरणार नाही."

हरिश्चंद्र शेठ म्हणजे तारकर्लीच्या वाटेवर रिसॉर्ट असलेले गृहस्थ. दर चतुर्थीला, दर जत्रेला, दर क्रिकेटच्या सामन्याला त्यांचा गॉगल लावलेला चेहरा फ्लेक्सवर झळके. बाईंना तो चेहरा घरच्यांपेक्षा जास्त वेळा बघावा लागला होता.

अखेर गुरुप्रसादने रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं. बाई नारळ खवत असताना त्यांनी ते लावलं, आणि खवणं तसंच राहिलं. मंडळी आधी कुडाळच्या स्टुडिओत गेली होती, पण तिथल्या गार हवेत पखवाज वाजवणाऱ्या परशुराम परबांचे हात चालेनात. म्हणून मग स्टुडिओवाल्यालाच देवळात आणून तिथे ध्वनिमुद्रण केलं होतं. तिथल्या दगडी जमिनीचा एक घुमारा गाण्यात उतरला होता. शेवटच्या गजराला झांजा, पखवाज, पेटी असा सगळा कल्लोळ उसळला आणि एकदम थांबला. आणि मग, कापायचं राहून गेलेलं असावं, झांजांची जोडी कुणीतरी हळूच खाली ठेवल्याचा आवाज. पेटीच्या भात्यातून निघून गेलेली हवा. पाच-सहा माणसांची पावलं दूर जाताना. लांबून कपबशांची किणकिण. आणि काहीच नाही.

बाईंनी ते शेवटचं पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. मंगेशराव जेवायला येऊन बसले आणि नारळ अर्धाच खवलेला बघून म्हणाले, "आज सुको बांगडोच काय गो?"

"भाजून घ्या तुम्हीच," बाई म्हणाल्या. त्यांना चित्र दिसलं होतं.

पुढचे सगळे सोमवार बाई भजन संपल्यावर मंडपात बसून राहिल्या. मंडळी चहाला उठली की भराभर रेखाटनं करत. चटईवर कलंडलेला पखवाज, त्याच्या शेजारी पाण्याचा तांब्या. कापड अर्धवट ओढलेली पेटी. एकमेकींवर तिरक्या पडलेल्या झांजा. समईचा उजेड. ज्यांनी आत्ता आत्तापर्यंत मंडप हलवून सोडला ती माणसं उठून गेलीत आणि त्यांचं गाणं अजून तिथेच बसलेलं आहे, असं काहीतरी त्यांना काढायचं होतं. घरी येऊन पडवीत त्या रंग लावत, पुसत, पुन्हा लावत. खांब त्यांनी चित्रात लाकडाच्या रंगाचेच ठेवले. तेवढा सूड त्यांना पुरेसा वाटला.

चित्र झालं. फार दिवसांनी बाईंना स्वतःचं काही आवडलं होतं. उजवीकडचा खालचा कोपरा, पायऱ्यांचा, जरा ओका वाटत होता; तिथे त्यांनी सावली दाट केली आणि स्वतःची समजूत घातली.

मंडळासमोर त्यांनी चित्र धरलं तेव्हा मंडप गप्प झाला. बाईंना वाटलं, भिडलं. मग मागून एकजण म्हणाला, "बाई, माणसां खंय आसत?"

"चहा प्यायला गेलीत."

"ती गेली खरी, पण लोकांका कसां कळतलां की ती आमीच?"

"बघणाऱ्याक वाटतलां पोलीस इले आणि सगळे पळाले," दुसरा म्हणाला, आणि सगळे खो-खो हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. बाईंना तेच जास्त झोंबलं. दुष्टाव्याशी निदान भांडता येतं.

गुरुप्रसाद बुवा मध्ये पडला. "चित्र बरां आसा. आमी तेच्यार फोटो घालूया."

"त्याच्यावर? गुरुप्रसाद, ते चित्र आहे. भिंत नव्हे."

"बाई, जरासे. कोपऱ्यात."

बाईंनी पुष्कळ समजावलं. म्हणाल्या, तुमचा गजर संपल्यानंतरची शांतता मी काढली आहे, तिच्यात कुणाचं थोबाड घालू नका. 'थोबाड' हा शब्द पडायला नको होता. पण चित्र मंडळाच्या हातात गेलं होतं, आणि परत मागणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

अल्बमचं प्रकाशन देवळातच झालं. बाई चांगली साडी नेसून गेल्या. वाटेवरच्या पहिल्या वळणावर अल्बमच्या कव्हराचाच फ्लेक्स होता, आणि त्या तिथेच थबकल्या. मंडळाच्या सगळ्या सभासदांची मुंडकी अर्धगोलात मांडली होती. पांढरे फेटे, प्रत्येकाभोवती सोनेरी वलय. मधोमध, सगळ्यांच्या दुप्पट, हरिश्चंद्र शेठ, गॉगलसकट. आकाशातून किरणं येत होती. एका बाजूला गरुड उडत होता. तो कशासाठी, हे कुणीच सांगू शकलं नसतं. आणि तळाशी, शेठांच्या नावाच्या पट्टीमागे, पोस्टाच्या तिकिटाएवढं, पखवाजाची एक कड आणि तांब्या.

कसालला छपाईचं दुकान चालवणारी भक्ती राणे मंडपाच्या दारातच भेटली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी. बाईंच्या हातून चित्रकलेत पहिला नंबर मिळवलेली.

"भक्ती, हे तू केलंस?"

भक्तीचा चेहरा उतरला. "बाई, रागवा नको. मी चित्र मधी ठेवून दाखवलेलंय. तेंका पसंत पडूक नाय. मगे एकाचो फोटो लहान झालो म्हणान दुसऱ्याचो फोन, दुसऱ्याचो झालो म्हणान तिसऱ्याचो."

"आणि गरुड?"

"तो शेठांनी सांगलो."

बाईंना पुढच्या रांगेत बसवलं. शाल आली, नारळ आला, आणि सन्मान म्हणून तेच मुंडक्यांचं कव्हर, मोठं करून, काचेच्या फ्रेममध्ये. टाळ्या झाल्या. "बाईंनी दोन शब्द बोलावेत," अशी सूचना आली. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्यांच्या तोंडून मालवणी निघाली.

"ह्यां माझां चित्र नाय. माझां नाव काढून टाका. तुमका गाणां इतक्या बरां येता, आणि गाण्याचां तोंड कसां आसता तां बघूक एक क्षण तुमका वेळ नाय? सगळ्यांका आपलांच तोंड बघूचां आसा!"

फ्रेम त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि त्या चालू लागल्या. मागे गुरुप्रसाद बुवाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, हे त्यांनी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

तीन-चार दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. गुरुप्रसादने मूळ चित्र परत पाठवून दिलं, सोबत निरोप नाही की चिठ्ठी नाही. बाईंनी ते पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मंगेशराव धबधबा लावून बसायला लागले, तर बाईंनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी बटण बंद केलं.

मग एका सकाळी परशुराम परब आले. सत्तरीचे, काजूच्या बागेतून सरळ आलेले, हाताला अजून चिकाचा वास. पायरीवरच बसले.

"बाई, रागावल्यात?"

"तुमच्यावर नाही."

"माका फोटोत बघलात?"

बाईंनी बघितलं होतं. फोटो काढणाऱ्याने नेमक्या वेळी बटण दाबलं होतं आणि परशुरामांचे डोळे मिटलेले होते. सोनेरी वलयात, फेटा बांधून, गाढ झोपलेले परशुराम.

"सून म्हणता, मामंजी भजनात झोपले. सगळो गाव हसता." परशुराम पायरीवर सरसावून बसले. "तुमच्या चित्रात माझो पखवाज आसा. तो तरी जागो आसा. पण बाई, बघणाऱ्याक कसां कळतलां तो माझो म्हणान? तेच्यात माझी चपलां घालशात?"

"काय?"

"चपलां. पायरेर. म्हणजे परशुराम हंयच खंय तरी आसा, चाय पिऊक गेलोहा, इतक्या कळतलां."

बाईंचा संयम संपला. "परशुराम, ते चित्र आहे, चपलांचं दुकान नाही! एकाला चेहरा हवा, एकाला गरुड हवा, तुम्हाला चपला! मी काय गावाची मागणी पुरवायला बसले आहे? ज्याला जे दिसतं ते त्याला नकोच. जे नाही तेच सगळ्यांना हवं!"

परशुराम ऐकत राहिले. बाई दमल्यावर ते उठले, पायातल्या चपला काढून पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि म्हणाले, "हंय ठेवतंय. काढल्यात तर काढा. उद्या न्हेतलंय." आणि अनवाणी निघून गेले.

बाईंना इतका संताप आला की त्यांनी चहाही घेतला नाही. असल्या अडेलतट्टू माणसाचं करायचं काय? दुपारपर्यंत त्या चपलांकडे पाठ करून बसल्या. तरी पडवीत जाता-येता त्या दिसतच. रबरी, झिजलेल्या, डाव्या चपलेची पट्टी तुटलेली आणि ती जाळ्याच्या निळ्या दोरीने बांधलेली. उजवीची टाच आतून जास्त झिजलेली. पखवाजाला तासन् तास एका अंगावर भार देऊन बसून चालतानाही तसंच कलणाऱ्या माणसाची असावी तशी.

बाईंनी चित्र भिंतीकडून वळवलं. उजवा खालचा कोपरा. दाट सावली घालून झाकलेला, ओका. तो ओका आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"शिरा पडो," त्यांनी शिवी हासडली, नक्की कुणाला ते त्यांनाही कळलं नाही. ब्रश ओला केला. सावली पुसली. पहिली पायरी मोकळी केली आणि तिच्यावर चपला काढल्या, निळ्या दोरीसकट.

मागे सरून बघितलं, आणि त्यांचा राग आणखीच वाढला, कारण चित्र सुधारलं होतं. मंडप आता सोडून दिलेला वाटत नव्हता. माणसं परत येणार होती. पोलीस आल्याची ती थट्टा अगदीच उगाच नव्हती, हे स्वतःशी कबूल करणं बाईंना औषधापेक्षा कडू गेलं.

दुसऱ्या दिवशी परशुरामांनी चित्र बघितलं. मग चित्रातल्या निळ्या दोरीकडे बोट नेलं, टेकवलं मात्र नाही. "ही गाठ मीच मारलंय," म्हणाले, आणि चपला पायात घालून गेले.

बाईंना वाटलं, संपलं. संध्याकाळी झांजवाला आला. त्याच्या हातात पिशवी होती.

"परशुरामाची घातल्यात. आमचो काय गुन्हो?"

पिशवीत कोऱ्या करकरीत चपला होत्या, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. बाईंनी त्याला पिशवीसकट परत पाठवलं. "ज्या घालून भजनाला येतोस त्या आण. आणि कुठे काढून ठेवतोस ते सांग. मनाला येईल तिथे मी काढणार नाही."

मग रीघ लागली. कोरसातले दोघे भाऊ आले आणि कोण कुठे चपला काढतं यावरून पडवीतच भांडले. झांजवाला आपल्या चपला पायऱ्यांलगतच्या कठड्यावर ठेवतो, कारण एकदा कुत्र्याने एक पळवली होती, हे बाईंना तेव्हा कळलं. पेटीवाला एक इकडे, एक तिकडे अशीच भिरकावतो, हे त्याने स्वतः सांगितलं नाही, बाकीच्यांनी सांगितलं. बाई प्रत्येकावर खेकसत. "हलवू नका!" "सावली अडवू नका!" "तुमच्या चपला पुढे नाही येणार, तुम्ही उशिरा येता!" मंगेशराव मधून मधून चहाचे कप आणून ठेवत आणि म्हणत, "आमच्या घरात आता देवळापेक्षा जास्त चपलां."

चित्र मात्र भरत चाललं. एकही तोंड न काढता मंडळ पायरीवर येऊन बसलं होतं, आणि एकदा चपला ओळखल्या की चुकायला जागाच नव्हती.

गुरुप्रसाद बुवा तेवढा आला नाही. बाईही निरोप धाडायला तयार नव्हत्या. सगळ्या चपला काढून झाल्या तरी वरच्या पायरीवर त्यांनी जागा मोकळी ठेवली आणि कुणी विचारलं की विषय बदलला. शेवटी एके दिवशी दुपारी तो आला. पॉलिश केलेल्या कोल्हापुरी हातात धरून.

"बाई."

"ये."

"तुमी लोकांसमोर तसां बोलाक नको होतां."

"हो. थोबाड म्हणायला नको होतं."

"तां तुमी आधी म्हणालल्यात. मी माइकावरचां सांगतंय."

"माइकावरचं खरं होतं," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या कार्यक्रमात बोलायला नको होतं. ते चुकलं."

गुरुप्रसादने चित्राकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांनी एकेक जोडी ओळखली. पेटीवाल्याची उलटी पडलेली चप्पल बघून तो हसला. मग मोकळी पायरी बघून त्याने कोल्हापुरी पुढे केल्या.

"या घालून तू भजनाला येतोस?"

"सामन्याक घालतंय."

"मी सामना काढलेला नाही."

तो गाडीवरून घरी गेला आणि रबराच्या स्लीपर घेऊन आला, एक हिरव्या पट्ट्याची, एक पांढऱ्या. बायकोची एक आणि त्याची एक अशी कधीतरी अदलाबदल झाली होती आणि तशीच राहिली होती. बाईंनी रंग कालवायला घेतला. तो शेजारी बसून हळू आवाजात गुणगुणत होता. बाई त्याच्यावर एकदाच ओरडल्या, पाय हलवतोस म्हणून.

छापलेली कव्हरं वाटून झाली होती; ती गावोगाव गाड्यांच्या काचांमागे, गॉगल आणि गरुडासकट, अजून फिरत आहेत. त्याला इलाज नव्हता. यूट्यूबवरचं चित्र मात्र गुरुप्रसादच्या सांगण्यावरून भक्तीने बदललं. बदलल्याची बातमी शेठांना लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा ड्रायव्हर खोक्यात पांढरे शुभ्र बूट घेऊन बाईंच्या खळ्यात उभा राहिला.

"शेठांनी सांगलानी, सगळ्यांच्या पुढे काढा."

"शेठांना सांग," बाई म्हणाल्या, "एकदा भजनाला या, शेवटपर्यंत बसा, मग काढीन."

खोका परत गेला. शेठ अजून आलेले नाहीत. त्यांचं म्हणणं, सीझन चालू आहे.

मूळ चित्र मंडळाने देवळात लावायचं ठरवलं. समितीने फ्रेम केली, आणि सोनेरी का होईना, पातळ केली, एवढ्यावर बाईंनी समाधान मानलं. सोमवारी त्या बघायला गेल्या. भजन सुरू झालं होतं. चित्र पंख्याच्या बटणांशेजारी, ट्यूबलाइटखाली टांगलेलं, आणि डावीकडे चांगलंच कललेलं. बाईंच्या डोक्यात तिडीक उठली. एवढी माणसं मंडपात, आणि एकालाही ते दिसू नये? त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली. तिचे पाय दगडावर कर्रकन घासले. चढल्या, फ्रेमला हात घातला, खिळा हलला, भिंतीतून चुना पडला. उतरून खुर्ची सरकवली, पुन्हा चढल्या.

"बाई!"

परशुराम. हात पखवाजावर चालूच होते. त्यांनी भुवया वर केल्या आणि हनुवटीने खालची चटई दाखवली. झांजवाला बघत होता. दोन्ही भाऊ बघत होते. गुरुप्रसाद बुवाने आलाप लांबवून धरला होता, बाई उतरण्याची वाट बघत.

बाईंचे कान तापले. त्या खुर्चीवरून उतरल्या, पदर सावरला आणि चटईवर मांडी घालून बसल्या. बुवाने पुढची ओळ उचलली. चित्र तसंच कललेलं होतं, आणि गजर संपेपर्यंत त्यांना त्याच्याकडे बघत तसंच बसून राहावं लागलं.